सरासरी बिलाशी भांडावे कसे : नवशिक्यांसाठी

अभिनंदन. तुम्हाला पहिले 'अॅव्हरेज' बिल आले आहे. माघात तुम्ही सहकुटुंब सुरतेला, थोरल्या भावाकडे उधन्यात, महिनाभर मुक्कामाला होतात. घराला कुलूप होते. निघताना मेन स्विचही पाडला होता. तरी त्या रिकाम्या घराने महिनाभर टीव्ही पाहिला, गिझर तापवला, पंखे फिरवले, असे बिलाचे म्हणणे आहे. बिलाचे म्हणणे छापील आहे आणि तुमचे तोंडी, एवढाच काय तो फरक.

गडबडून जाऊ नका. ही मार्गदर्शिका जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या होतकरू तक्रारदारांसाठी आहे. नंदुरबारकरांनीही वापरायला हरकत नाही, महावितरणचे परिमंडळ एकच आहे. अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट : न वापरलेल्या विजेचे पैसे परत मिळवणे. लागणारे साहित्य : बिलाच्या झेरॉक्स, प्लास्टिकची पिशवी, चार्ज केलेला मोबाइल आणि शक्य असल्यास सेवानिवृत्ती. नोकरदारांनी हा अभ्यासक्रम घ्यावा की नाही, याबद्दल आमच्यातच दुमत आहे.

१. आधी दुखणे ओळखा

बिलातला 'चालू रिडिंग' हा रकाना बघा. तिथे आकडा असेल तर तुम्ही सामान्य ग्राहक आहात, पैसे भरा आणि कामाला लागा. आकड्याच्या जागी शब्द असेल तर तुमची निवड झाली आहे.

'लॉक्ड' म्हणजे घराला कुलूप होते. खरे तर तुम्ही मागच्या दारी भरताची वांगी भाजत होतात आणि रिडिंगवाल्याने पुढचे दार बघितले. 'इनअॅक्सेस' म्हणजे मीटरपर्यंत जाता आले नाही. जिन्याखाली तुम्ही ठेवलेली मोटारसायकल, घडवंची आणि उन्हाळ्याची वाट पाहणारा कूलर ओलांडून कोण जाणार? 'आरएनए' म्हणजे रिडिंग मिळाले नाही. का मिळाले नाही, कुणाला मिळाले नाही, हे त्यात येत नाही. दोष कुणावरच न ठेवणारी अशी तीन अक्षरे कोणत्याही संतवाङ्मयात सापडायची नाहीत. 'फॉल्टी' म्हणजे मीटर बिघडले. हे दुखणे सर्वांत चिवट, कारण ते मीटर बदलल्याशिवाय जात नाही आणि नवे मीटर 'स्टोअरला आलं की लावू' या तिथीला येते. त्या काळाचे वर्णन आमच्याकडची म्हातारी माणसे अहिराणीत एका ओळीत करतात : मीटर बंद शे, बिल चालू शे.

या चारही दुखण्यांवर एकच औषध दिले जाते, ते म्हणजे सरासरी. तुम्ही मागे जसे वागलात तसेच आताही वागला असाल, असे धरून चालायचे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी आषाढात सासरी गेल्या, तरी सरासरीत त्या अजून माहेरीच असतात आणि त्यांच्यासाठी लावलेला दुसरा कूलरही चालूच असतो.

२. न चालणारे मुद्दे घरी ठेवून जा

'वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होते' हा मुद्दा काढू नका. भुसावळजवळ दीपनगरच्या चिमण्या आहेत, साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत, हे सगळे खरे. पण ती वीज आधी ग्रिडमध्ये जाते आणि तिथून तुमच्याकडे परकी होऊन येते. धूर, राख आणि वारा तेवढे स्थानिक.

'शेजाऱ्याचे बिल कमी आले' हेही बोलू नका. शेजाऱ्याचे वाढेल, तुमचे कमी होणार नाही.

आणि जळगाव शहरातल्या जुन्या ग्राहकांनी जुना इतिहास उगाळू नये. तुमच्या आजोबांनी राज्य विद्युत मंडळाशी भांडण मांडले होते. २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, तुम्ही महावितरणशी मांडले. २०११ मध्ये शहराची वीज क्रॉम्प्टन ग्रीव्हज या फ्रँचायझीकडे गेली, २०१५ मध्ये ती पुन्हा महावितरणकडे आली. एका घराचे एकच भांडण, समोरचा पक्ष दर खेपेला नवा. यातल्या कुठल्याही टप्प्यावरची पावती सापडली तर फ्रेम करा, अर्जाला जोडू नका.

३. ऑटो-पे लावून घ्या

नवशिक्यांना हा सल्ला चमत्कारिक वाटतो. बिल खात्यातून आपोआप कापले जाण्याची सोय केली की भांडण सुरू व्हायच्या आतच तुम्ही हरलेले असता, आणि हरलेल्या माणसाला ब्लडप्रेशरचा त्रास कमी होतो.

पद्धत सोपी आहे. कार्डावर किंवा यूपीआयवर एकदा संमती दिली की झाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी किमान २४ तास अगोदर तुम्हाला संदेश यायला हवा. तो येतो. कर्जाच्या जाहिराती, ओटीपी आणि बँकेच्या शुभेच्छा यांच्या मधोमध येतो. शिवाय १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला दर वेळी वेगळा ओटीपी लागत नाही, म्हणजे तुमच्या बंद घराने चौदा हजारांची वीज 'वापरली' तरी बँक तुमची झोपमोड करणार नाही.

एकदा गेलेले पैसे परत येतात का? येतात. फक्त पैसे म्हणून येत नाहीत, पुढच्या बिलांतले 'समायोजन' म्हणून येतात. न वापरलेल्या विजेचे पैसे तुम्ही पुढे वीज वापरून वसूल करायचे. घर अजून बंदच असेल तर वसुलीसाठी तरी परत या.

४. ऑटो-पे नसेल तर निषेध नोंदवून भरा

रोखीने भांडणाऱ्यांसाठी विद्युत कायदा, २००३ चे कलम ५६ पाठ असावे. थकबाकीपोटी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रकमेबद्दल वाद असेल तर मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती तुम्ही निषेध नोंदवून भरायची. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

हे पुन्हा एकदा वाचा. सरासरीविरुद्ध लढायचे असेल तर आधी सरासरी भरायची. आणि मागचे सहा महिनेही 'आरएनए'च असतील तर ती सरासरी सरासऱ्यांची सरासरी असते. तरीही हे कलम कामाचे आहे, काउंटरवर त्याचा क्रमांक नुसता उच्चारला तरी समोरच्याची खुर्ची थोडी सरळ होते. 'निषेध' हा शब्द अर्जात लिहा, काउंटरवर ओरडू नका. ओरडून भरलेले पैसे साधे भरणा म्हणूनच जमा होतात.

५. मीटरचे छायाचित्रण शिका

आजपासून तुमच्या मोबाइलमध्ये नातवंडांपेक्षा मीटरचे फोटो जास्त असले पाहिजेत. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला फोटो काढा. पडद्यावर आकडे आळीपाळीने बदलतात : आधी तारीख, मग वेळ, मग व्होल्टेज, मग कशाचा तरी कमाल आकडा. 'केडब्ल्यूएच' लिहिलेला आकडा आला की बटण दाबा. तो नेमका तुम्ही शिंकलात तेव्हा येऊन गेलेला असतो. पुढच्या फेरीपर्यंत थांबा. मीटर क्रमांक फोटोत आला पाहिजे, नाहीतर तो कुणाच्याही घरचा मीटर ठरतो.

खबरदारीचे शौकीन असाल तर मीटरशेजारी त्या दिवशीचा पेपर धरा, ओलीस धरलेल्या माणसाच्या हातात देतात तसा.

महावितरणच्या अॅपवरून स्वतःचे रिडिंग स्वतः पाठवायची सोय आहे. संदेश आला की चार दिवसांच्या आत आकडा आणि फोटो चढवायचा. ही सोय खरोखर चांगली आहे आणि म्हणूनच फार लोकांना माहीत नाही. रिडिंग घेणाऱ्या एजन्सीला त्या कामाचे पैसे मिळतात, तुम्हाला अनुभव मिळतो. २०२२ मध्ये महावितरणने सदोष रिडिंगबद्दल राज्यभरातल्या कित्येक एजन्सी बडतर्फ केल्या. तुमचे रिडिंग चुकले तर तुम्हाला कुणी बडतर्फ करू शकत नाही, हा स्वयंसेवेतला मोठा दिलासा.

६. 'गो-ग्रीन' व्हा

कागदी बिल नको असे कळवले तर पर्यावरणाचे रक्षण होते आणि दर बिलामागे दहा रुपये सूट मिळते. तक्रार करताना मात्र मागच्या बारा बिलांच्या छापील प्रती लागतात. सूट झेरॉक्सवाल्याकडे जमा करा.

७. कचेरीत जा

सोमवारी जाऊ नका, गर्दी असते. मंगळवारी 'साहेब मीटिंगला' असतात. वसुलीच्या दिवसांत, म्हणजे मार्चमध्ये, मुळीच जाऊ नका. त्या महिन्यात सगळे कर्मचारी गावोगाव थकबाकीदारांच्या मागे असतात आणि तुम्ही आपण होऊन समोर आलात तर गैरसमज होतो.

उतरंड लक्षात ठेवा : जनमित्र, कनिष्ठ किंवा सहायक अभियंता, उपकार्यकारी अभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता. यांपैकी प्रत्येक जण तुम्हाला खालच्याकडे पाठवू शकतो, फक्त जनमित्र वरच्याकडे पाठवतो. बिलिंगच्या टेबलाशी गेलात की संवाद साधारण असा होईल. पाठ करून जा, म्हणजे मध्येच विसरायला होणार नाही.

'साहेब, घर महिनाभर बंद होतं.'

'मग बरोबरच आहे ना. लॉक्डच लिहिलंय.'

'पण लाइट वापरलीच नाही.'

'ते रिडिंग आल्यावर कळेल.'

'रिडिंग कधी येईल?'

'तुम्ही घरी असाल तेव्हा.'

'मी आता घरीच असतो.'

'आता तर तुम्ही इथं आहात ना भो.'

या तर्काला उत्तर नाही, म्हणून उत्तर देऊ नका. मोबाइलमधला फोटो दाखवा आणि 'बी-८०' हा शब्द हळूच उच्चारा. बिल दुरुस्तीचा जो प्रस्ताव कचेरीच्या आत फिरतो त्याचे हे नाव. तो ज्याला ठाऊक त्याला कारकून आतला माणूस समजतो : नाना कुठल्या ऑफिसला होते, असे विचारतो. खोटे बोलू नका, नुसते हसा. बी-८० वर सही कुणाची लागणार हे रकमेवर ठरते. रक्कम जितकी मोठी तितका साहेब वरचा. म्हणून अन्याय शक्यतो लहानच करून घ्यावा, लवकर निस्तरतो.

अर्ज दोन प्रतींत द्या. एक त्यांची, एक तुमची. तुमच्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही 'पोच'. ती नसेल तर तुम्ही अर्ज दिलेला नसतो, नुसते भेटायला येऊन गेलेले असता. प्रत्येक पानावर बारा अंकी ग्राहक क्रमांक लिहा. धुळ्यात देवपूरच्या एखाद्या काकांना हा क्रमांक झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो, लग्नाची तारीख मात्र काकूंना विचारावी लागते. अशा माणसांना गुरू करा.

८. स्लॅबचे गणित शिका

इथे जरा थांबा. हा अभ्यासक्रमाचा गाभा आहे आणि बहुतेक तक्रारदार नेमके इथेच नापास होतात.

समजा दोन महिने रिडिंग आले नाही. तिसऱ्या महिन्यात आले आणि ३०० युनिट निघाले. तुम्ही म्हणता, ठीक आहे, वापरले ते भरू. भोळे आहात. २०२४-२५ च्या दरांत घरगुती ग्राहकाचे पहिले १०० युनिट ४ रुपये ७१ पैशांनी होते आणि त्यापुढचे, ३०० पर्यंतचे, १० रुपये २९ पैशांनी. महिन्याला १०० युनिट धरले तर तुमचे सगळे ३०० युनिट स्वस्त टप्प्यात बसतात. वीज आकार होतो १,४१३ रुपये. तेच ३०० युनिट एकाच महिन्याच्या माथी मारले तर १०० स्वस्तात आणि २०० महागात पडतात. वीज आकार होतो २,५२९ रुपये. फरक १,११६ रुपयांचा, त्यावर १६ टक्के वीज शुल्क वेगळे. वीज तेवढीच, मीटर तेच, नुसता रिडिंगवाला उशिरा आला.

यावर उपाय आहे. साठलेले युनिट तितक्या महिन्यांत वाटून प्रत्येक महिन्याला स्लॅबचा फायदा द्यावा लागतो. बिलावर तो दिलेला आहे का, हे बघायला शिका. महिन्यांची संख्या कुठे छापली आहे ते शोधा. सापडली नाही तर कागदावर स्वतः मांडणी करा आणि अर्जाला जोडा. दहावीच्या गणिताची भीती आयुष्यभर वाटली असेल तर ती इथे खर्ची पडेल. मुलाला शिकवणीला पाठवता, त्याच मास्तरांकडून अर्जाचे गणित तपासून घ्यायला काहीच हरकत नाही, ते स्वतः 'आरएनए'चे रुग्ण असण्याची शक्यता बरीच आहे.

९. कमी आलेल्या सरासरीवर कधीही तक्रार करू नका

हा नियम २०२० च्या उन्हाळ्याने शिकवला. टाळेबंदी लागताच मार्चअखेर राज्य वीज नियामक आयोगाने प्रत्यक्ष रिडिंग थांबवून सरासरीने बिल द्यायला परवानगी दिली. एप्रिल आणि मे महिन्यांची बिले आली ती डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीच्या सरासरीवर. आता कल्पना करा. बाहेर खान्देशचा वैशाख, पारा ४५ च्या आसपास, अख्खे कुटुंब चोवीस तास घरात कोंडलेले, कूलर रात्रंदिवस घरघरतो आहे, आणि बिल मात्र थंडीत रजई पांघरून झोपलेल्या माणसाचे. त्या दोन महिन्यांत जळगावात किंवा धुळ्यात कुणी कचेरीत जाऊन 'साहेब, आमचे बिल फार कमी आले आहे, अंदाज चुकला आहे' असे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

जूनमध्ये रिडिंग सुरू झाले आणि तिन्ही महिन्यांचा हिशेब एकदम आला. मग राज्यभर आरडाओरडा झाला. महावितरणने बिले बरोबर असल्याचे सांगितले, हिशेब तपासायला लिंक दिली, तीन हप्त्यांची सवलत दिली, एकरकमी भरणाऱ्याला दोन टक्के सूट दिली. ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिलाशाची आशा दाखवली. दिवाळी झाली, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनीच सांगितले की वापरलेल्या विजेचे पैसे भरावेच लागतील. विरोधकांनी बिलांची होळी केली. होळी केलेली बिलेही थकबाकीत दिसत राहिली.

यातून घ्यायचा धडा व्यावहारिक आहे. सरासरी कमी आली तर ती शास्त्रशुद्ध असते, जास्त आली तर अन्याय असतो. ही भूमिका ठामपणे घ्या, समोरची बाजूही तिच्या सोयीने हेच करते. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारा. मीटर नसलेल्या शेतीपंपाला हॉर्सपॉवरवर अंदाजाने बिल लागते, मीटर असलेल्यालाही बऱ्याचदा सरासरीनेच लागते. शेतीपंपांचा वापर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवला जातो, या निष्कर्षाला सरकारनेच नेमलेली समिती आली होती. न वापरलेली वीज एकदा शेतकऱ्याच्या नावावर मांडली की गळती आणि चोरीचा आकडा कागदावर आपोआप सुधारतो. तुमच्या बंद घरातला गिझर हा त्या मोठ्या हिशेबातला धाकटा भाऊ. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल सरकार भरते, त्यामुळे आता तिथे अंदाज किती चुकला याची चौकशी करायला शेतकऱ्याला फारसे कारण उरलेले नाही.

१०. मीटर तपासणीची मागणी जपून करा

शुल्क भरा, अर्ज द्या, आणि मीटरची चाचणी करून घ्या. चाचणीचे तीन निकाल लागू शकतात. मीटर ठीक आहे : मग तुम्ही वीज वापरलीच होती. मीटर पळते आहे : तुम्ही जिंकलात, पेढे वाटा. मीटर हळू चालते आहे : मग आजवर तुम्ही कमी पैसे भरलेत, धन्यवाद, आता फरक भरा. तिसरा निकाल लागलेल्या माणसाच्या घरी सांत्वनाला जावे लागते, आणि त्याला 'कशाला तक्रार केलीस' असे विचारू नये, घरच्यांनी विचारून झालेले असते.

मीटरचे सील मात्र स्वतः तपासायला जाऊ नका. तुमची तक्रार अंदाजाची असते, सील तुटलेले दिसले की कलम १३५ ची गोष्ट सुरू होते, ते वीजचोरीचे कलम आहे.

एक गोष्ट लक्षात असू द्या. मीटर सदोष निघाले तरी मागची दुरुस्ती जास्तीत जास्त तीन महिन्यांची करता येते, असे आयोगाच्या पुरवठा संहितेत आहे. मीटर वर्षभर 'फॉल्टी' होते म्हणून वर्षभराचा फरक कुणी मागितला तर ती संहिता काढून टेबलावर ठेवा. ती जाड आहे आणि इंग्रजीत आहे, पण ती सोबत आणणारा ग्राहक कचेरीत सहसा येत नाही, त्यामुळे परिणाम वाचण्याआधीच होतो.

११. वरच्या वर्गात जा

कचेरीत दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. त्याच्या वर विद्युत लोकपाल आहेत, आपल्या भागासाठी मुंबईत. मंचाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचे असते. दोन वर्षे हा काळ खूप वाटतो. पण 'पुढच्या बिलात होऊन जाईल' हे वाक्य चोवीस वेळा ऐकले की तो संपतो.

मंचापुढे रडू नका, गणित मांडा. पोच, फोटो, बिले, स्लॅबची मांडणी आणि पुरवठा संहितेतला संबंधित नियम हे सगळे क्रमाने लावलेले असले तर ग्राहक जिंकतात, असे निकाल खरोखर आहेत आणि ते वाचायला मिळतात. ते रात्री वाचा. तिसऱ्या निकालापर्यंत तुम्हाला समोरच्या ग्राहकापेक्षा चांगला युक्तिवाद सुचू लागेल, आणि चौथ्याला बायको दिवा बंद करेल, कारण तो चालू ठेवून वाचण्याचे युनिट खरे असतात.

१२. स्मार्ट मीटर आला तर

२०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही, अशी घोषणा झाली. नंतर 'टीओडी' म्हणजे 'टाइम ऑफ डे' या नावाने स्मार्ट मीटर लागू लागले, बिल नेहमीसारखे महिन्याच्या शेवटीच. रिडिंग मीटर स्वतःच पाठवते. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत वापरलेल्या युनिटला सवलतही मिळते. म्हणजे खान्देशच्या दुपारी कूलर लावणे ही आता काटकसर झाली आहे, घरात तसे सांगून बघा. या मीटरमुळे 'लॉक्ड' आणि 'इनअॅक्सेस' हे शब्द हळूहळू अभ्यासक्रमातून जातील. ज्यांनी क्रमांक ५ मध्ये छायाचित्रणावर खर्च केला त्यांच्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे.

१३. सुरक्षा ठेवीचे बिल

तुमचे बिल अखेर दुरुस्त झाले. समायोजनाची रक्कम उणे चिन्हासह छापून आली. उणे चिन्ह आहे, डाग नाही, याची खात्री करा आणि घरच्यांना दाखवा.

मग एप्रिलच्या सुमारास आणखी एक बिल येते, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे. मासिक बिल असलेल्या ग्राहकाची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असावी लागते, आणि ती सरासरी मागच्या वर्षाच्या बिलांवरून काढतात. फुगलेले बिल दुरुस्तीच्या आधी हिशेबात गेले असेल तर ठेवही फुगते. हा वेगळा विषय आहे, त्याला वेगळा अर्ज लागतो आणि त्यासाठी ज्या टेबलावर जायचे तिथले साहेब वेगळे.

ठेवीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटने व्याज मिळते. ते वर्षातून एकदा बिलात जमा होते. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, झेरॉक्स लागत नाही, पोच लागत नाही, ते आपण होऊन येते. फुगलेल्या ठेवीवर तेही थोडे जास्त येईल. त्यावर हरकत घेऊ नका.